मंडळीत जागृती हवीय ना? मांडवाचं नंतर बघू, आधी बुधवारचा एक तास काढा

गेल्या वर्षभरात तीन-चार तरुण पाळकांनी मला जवळपास सारखंच विचारलं, की पास्टर, मंडळी (म्हणजे चर्चमधली आपली माणसं) थंड पडलीय, जागृती हवी, विश्वास पुन्हा पेटायला हवा, तर सभेला बाहेरून कोणाला बोलावू? हे 'कोणाला बोलावू' ऐकलं की मला हसू येतं, कारण मी पण तिथूनच सुरुवात केली होती आणि तोंडावर पडलो होतो. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो, ज्याला जे लागेल ते घ्या.

मी बाप्तिस्त मंडळीचा पाळक. पुण्याजवळच्या एमआयडीसी पट्ट्यात आमची साठेक कुटुंबं आहेत, निम्मी नगर-जालन्याकडची मराठी, बरीचशी सोलापूरहून आलेली तेलुगू, बाकी इकडची तिकडची. मराठीत बाप्तिस्त म्हटलं की लोक विचारतात हे काय नवीन, कारण आपल्याकडची बरीच जुनी मराठी मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या (जुन्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या) वळणाची आणि १९७० पासून सी.एन.आय.मधली, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामधली. थोडक्यात सांगायचं तर आमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही, ज्याने स्वतः विश्वास धरला त्याचाच होतो, तोही पाण्यात बुडवून, आणि आमच्या डोक्यावर बिशप नसतो, मंडळीचे निर्णय मंडळीच घेते. हे शेवटचं लक्षात ठेवा. वरून कोणी येऊन आमची मंडळी जागी करणार नाही, कारण वर कोणी नाहीच. (वर देव आहे, ते वेगळं.)

आधी माझ्या फजितीचं सांगतो

सहा वर्षांपूर्वी आम्ही तीन दिवसांच्या संजीवन सभा, म्हणजे जागृतीसाठीच्या जाहीर सभा घेतल्या. मैदान, मांडव, साऊंडवाला, बाहेरगावचे वक्ते, त्यांचं तिकीट, रोज रात्री पुलाव, सगळं मिळून लाखाच्या वर गेलं आणि त्यातली मांडववाल्याची उधारी दीड वर्ष फेडत होतो. शेवटच्या रात्री, ज्याला जीवन प्रभूला द्यायचंय त्याने हात वर करा, म्हटल्यावर चाळीसेक हात वर झाले, मी अक्षरशः रडलो, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. सहा आठवड्यांनी रविवारी व्यासपीठावरून डोकी मोजली (सगळे पाळक मोजतात, न मोजल्यासारखं दाखवतात) तर माणसं तेवढीच, मागची रांग तशीच खच्चून भरलेली आणि पुढच्या दोन तशाच रिकाम्या. हात वर करणारे निम्म्याहून जास्त आमचेच होते, ते दरवर्षी वर करतात. वक्त्यांचा काही दोष नाही, चांगलं बोलले ते. आम्हीच शेत नांगरलं नव्हतं आणि पेरायला मात्र बाहेरून माणूस आणला होता.

सभा घेऊच नका असं नाही माझं म्हणणं. पण पैसे, ताकद, लोकांचा उत्साह एवढं सगळं तीन रात्रीत जाळायच्या आधी एक बिनखर्चाचं काम आहे, ते करून बघा. आणि ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही, बाप्तिस्त लोकांनी ते २४० वर्षांपूर्वी केलंय.

सोमवारचा तास

इंग्लंडात नॉर्थहॅम्पटनशायरच्या बाजूला बाप्तिस्त मंडळ्यांचा एक छोटा संघ होता. खेडेगावातल्या मंडळ्या, हातावर पोट असलेले लोक, आणि मंडळ्या पार सुकलेल्या, त्यात बऱ्याच ठिकाणी अशी शिकवण की देवाने ज्याला निवडलंय त्याला तोच आणेल, आपण कोणाला हाक मारायची गरज नाही. त्या लोकांच्या हातात अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स नावाच्या पाळकाची एक जुनी पुस्तिका पडली, स्कॉटलंडमधल्या एका पाळकाने पाठवलेली. तिचा विषय एकच, की मंडळ्यांनी आपसात ठरवून, एका वेळी, जागृतीसाठी प्रार्थना करावी. जून १७८४ मध्ये नॉटिंगहॅमला संघाची सभा भरली तेव्हा ओल्नी गावचे पाळक जॉन सटक्लिफ यांनी तसा ठराव मांडला: दर महिन्याचा पहिला सोमवार, संध्याकाळी, एक तास, प्रत्येक मंडळीने आपापल्या गावात. आणि मागायचं ते फक्त आपल्यासाठी नाही, इतर मंडळ्यांसाठी आणि इतर पंथांसाठीसुद्धा.

झालं, एवढंच. त्याच गोतावळ्यात एक तरुण चांभार होता, ठरावाच्या आदल्या वर्षीच नदीत बाप्तिस्मा झालेला, नाव विल्यम केरी. १७९२ च्या ऑक्टोबरमध्ये केटरिंगला एका विधवा बाईच्या घरात डझनभर माणसं बसली, तपकिरीच्या डबीत 'मी एवढे पैसे देईन' अशा चिठ्ठ्या गोळा केल्या, १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची कबुली जमली आणि त्यातून बाप्तिस्त मिशन उभं राहिलं. पुढच्या वर्षी केरी बंगालला पोहोचले, आणि १८०५ मध्ये त्यांनी सेरामपूरहून मराठी भाषेचं व्याकरण छापलं. म्हणजे बघा, त्या सोमवारच्या तासाचा एक धागा थेट आपल्या भाषेपर्यंत येतो.

मला यातलं सगळ्यात कामाचं काय वाटलं तर मधली आठ वर्षं. पहिल्या सोमवारपासून त्या तपकिरीच्या डबीपर्यंत आठ वर्षं. आपण आठ आठवड्यांत विचारतो, काही फरक पडला का.

आता तास कसा चालवायचा

त्यांचा महिन्याचा सोमवार होता, आम्ही दर आठवड्याचा बुधवार धरला, रात्री आठ ते नऊ. वार आणि वेळ एकदाच ठरवा, आणि मग लग्न असो, मयत असो, पाऊस असो, हलवू नका. आमच्याकडे शिफ्टचा घोळ, सेकंड शिफ्टवाला रात्री अकराला सुटतो, त्याला बुधवारी आठची वेळ जमणारच नाही, म्हणून त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पण एक तास ठेवला, वही एकच. पाळक गावाला गेला तर दुसऱ्याने दार उघडायचं. किल्ली दोघांकडे पाहिजे, ही बारीक गोष्ट वाटते पण आमच्याकडे दोन बुधवार नुसत्या किल्लीपायी बुडालेत.

मोठ्या हॉलमध्ये बसू नका. दीडशे खुर्च्यांमध्ये पाच माणसं बसली की प्रार्थनेआधीच खच्ची होतात. आम्ही संडे स्कूलच्या खोलीत सतरंजी टाकून गोल बसायचो, भिंतीवर मागच्या नाताळातल्या कागदी चांदण्या तशाच चिकटवलेल्या, पाच माणसांत खोली भरून जायची.

पेटी नको. पेटी आली की पेटीवाला आला, पेटीवाला आला की सूर लावणं आलं आणि वीस मिनिटं गेली. टाळ्यांवर नारायण वामन टिळकांचं एक भजन, मग एक स्तोत्र कोणीतरी वाचायचं, की थेट प्रार्थना. आणि पाळकाने बोलायचं नाही! हे सगळ्यात अवघड आहे, सांगतो. स्तोत्र वाचून झालं की माझी जीभ शिवशिवायची, दोन शब्द सांगतो म्हणून, आणि पाळकाचे दोन शब्द म्हणजे पंचवीस मिनिटं. शेवटी आमच्या पाळकबाईंनी (म्हणजे माझ्या बायकोने) घरी जाताना सांगितलं, अहो, तुम्ही रविवारी बोलता ना, बुधवारी ऐका जरा. तेव्हापासून गप्प बसतो.

प्रार्थना छोट्या हव्यात, एका माणसाने एक विषय. आमच्याकडे एक काका आहेत, बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करतात आणि शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत पोहोचेस्तोवर निम्मे लोक पेंगलेले असतात. त्यांना थांबवायचं कसं? आम्ही त्यांना मान देऊन सांगितलं, काका, समारोप तुम्ही करा, नऊला पाच कमी असताना. खूश झाले, आणि आता पाच मिनिटांत आटपतात.

एक नियम कडक ठेवा. प्रार्थनेचा विषय म्हणून चुगली चालणार नाही. "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, ती कोणासोबत तरी दिसली," ही विनंती नाही, बातमी आहे. ज्याच्याबद्दल मागायचं त्याला आधी विचारलेलं पाहिजे, नाहीतर नुसतं नाव घ्यायचं, देवाला पुढचं माहीत आहे.

एक वही करा. डावीकडे तारीख आणि विषय, उजवी बाजू कोरी. उत्तर मिळालं की तिथे तारीख टाकायची, आणि 'नाही' हे पण उत्तरच, ते पण लिहायचं. आमच्या वहीत एका बहिणीच्या नवऱ्याच्या किडनीचा विषय आहे, त्याच्यासमोर त्याच्या मयताची तारीख आहे. ती बहीण अजून बुधवारी येते, किंबहुना तीच आता वही सांभाळते.

आणि १७८४ वाल्यांची ती इतर मंडळ्यांसाठी मागायची अट सोडू नका. दर बुधवारी आपल्या भागातल्या एका दुसऱ्या मंडळीचं नाव घेऊन तिच्यासाठी मागायचं, तिचा पंथ कुठलाही असो, आणि जिने आपली माणसं पळवली असं आपल्याला वाटतं तिच्यासाठी तर आवर्जून. आम्ही पहिल्यांदा तसं नाव घेतलं तेव्हा खोलीत दोन मिनिटं कोणी तोंडच उघडेना. मग एक बारावीतला मुलगा म्हणाला, प्रभू, त्यांच्या पास्टरच्या आईचं ऑपरेशन आहे, नीट होऊ दे. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं ऑपरेशनचं, त्याचा मित्र त्या मंडळीत होता.

नऊला उठायचं म्हणजे नऊला. बायकांना घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्या असतात, कोणाला शेवटची बस असते. अजून बसावंसं वाटत असताना उठलेलं माणूस पुढच्या बुधवारी येतं.

पहिल्या रात्री आम्ही पाच जण होतो. मी, बायको, एक आजी, तो बारावीतला मुलगा (आईने दामटून पाठवलेला) आणि शेजारच्या गोडाऊनचा वॉचमन, जो खरं तर मोबाईल चार्ज करायला आला होता. पुढचे सात महिने आकडा नऊच्या वर गेला नाही.

सातव्या महिन्यात एका बुधवारी लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेलेली. अंधारात कोणी उठलं नाही, आणि त्या आजी, ज्या नेहमी फक्त नातवंडांसाठी मागायच्या, हळू आवाजात बोलायला लागल्या, की बापा, मी माझ्या जावेशी अकरा वर्षं बोलले नाही, ती रविवारी माझ्या पुढच्या खुर्चीवर बसते, मी तिच्या पाठीकडे बघत तुझी गाणी म्हणते. एवढंच बोलल्या. उजेड असता तर बोलल्या असत्या असं मला वाटत नाही. त्यानंतर बराच वेळ कोणी काही म्हणालं नाही, कोपऱ्यात कोणीतरी नाक ओढत होतं, मला वाटतं वॉचमन.

भांडणं

त्या अंधारात मला कळलं की आमच्या मंडळीचा बोळा नेमका कुठे अडकलाय. मत्तय ५ मध्ये सरळ लिहिलंय, वेदीपाशी अर्पण आणताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे वचन मी दहा वेळा शिकवलंय. पण आमच्या मंडळीत दोन माणसं चार वर्षं हॉलच्या दोन टोकांना बसत होती, प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतात तेव्हा) एक डावीकडच्या डीकनकडून, म्हणजे मंडळीच्या सेवकाकडून, प्याला घ्यायचा, दुसरा उजवीकडच्या, आणि आम्ही सगळ्यांनी ती व्यवस्था मुकाट्याने चालवली होती, जणू काही आराधनेचा क्रमच तसा आहे.

भांडण पत्र्यांचं होतं. हॉलवर पत्रे टाकले तेव्हा एक भाऊ खजिनदार होते, दुसरे कमिटीत, आणि पत्रे किती आणले, बिल कितीचं, यावरून बोलाचाली झाली. खजिनदारांनी राजीनामा दिला. आता खरी गोष्ट ऐका. त्याच्या पुढच्या रविवारी मी व्यासपीठावरून आखानाची गोष्ट घेतली, यहोशवा ७, लुटीतला माल तंबूत पुरून ठेवणारा आखान. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माना कुठे वळवल्या ते मला वरून दिसलं. आणि बरं वाटलं मला तेव्हा, खोटं कशाला बोलू.

चार वर्षांनी त्या खजिनदारांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो, पाण्याचं, रस्त्याचं. त्यांनी उठून कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात बिल, ३८ पत्रे, दुकानाचा शिक्का, टेम्पोभाड्याची चिठ्ठी वेगळी, हमालीची वेगळी, आणि वर त्यांच्या खिशातून गेलेले बाराशे रुपये पेन्सिलने लिहिलेले, जे त्यांनी कधी मागितलेच नव्हते. म्हणाले, "पास्टर, ही पिशवी मी चार वर्षं रोज कपाटात बघतो. तुम्ही एकदा विचारलं असतं तरी झालं असतं."

मी तिथेच माफी मागितली. पण व्यासपीठावरून मारलेल्या टोमण्याची माफी घरात मागून भागत नाही, जिथे थुंकलो तिथेच पुसायला लागतं. पुढच्या रविवारी उपदेशाआधी उभा राहून सांगितलं, की चार वर्षांपूर्वी मी आखानाचा उपदेश एका भावाला डोळ्यासमोर ठेवून केला, शहानिशा न करता केला, ते माझं पाप होतं. पाय लटपटत होते. कमिटीतल्या त्या दुसऱ्या भावांना वाटलं मी त्यांचा अपमान केला, ते दोन रविवार आलेच नाहीत, म्हणजे एवढं गोड गोड काही झालं नाही. तिसऱ्या रविवारी आले. दोघं आज गळ्यात गळे घालून फिरत नाहीत, पण प्रभुभोजन एकाच डीकनकडून घेतात.

तर पद्धत अशी. मत्तय १८ चा क्रम उलटा करू नका, आधी एकट्याने जायचं, मग एक-दोघांना घेऊन, मंडळीपुढे शेवटी. व्हॉट्सॲप ग्रुप हा यातला कुठलाच टप्पा नाही. हिशोबाचं भांडण असेल तर नुसती प्रार्थना करू नका, कागद मागवा. आता आमच्याकडे दर महिन्याचा जमाखर्च दारापाशी फळ्यावर लागतो, अर्पण किती, लाईटबिल किती, पाळकाचा पगार किती, सगळं. पगार लावताना मला लाज वाटली होती, आता उलट लोकच म्हणतात थोडा वाढवा.

आणि हे सगळं करायच्या आधी पाळकाने स्वतःची झडती घ्यावी. यावर फार लिहीत नाही, ज्याचं त्याला माहीत असतं. मी शनिवारी रात्री अकराला यूट्यूबवर दुसऱ्याचा उपदेश ऐकून रविवारी आपला म्हणून द्यायचो, किती तरी महिने. ज्या माणसाने आठवडाभर बायबल फक्त उपदेशासाठीच उघडलं त्याने लोकांना कोमट म्हणू नये.

वचन

नहेम्या ८ वाचा. एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र (मोशेचं शास्त्र) वाचतो, लोक उभे राहून ऐकतात, आणि लेवी लोक, म्हणजे मंदिराचे सेवक, अर्थ समजावून सांगतात. आम्ही त्याची छोटी आवृत्ती केली, एका रविवारी उपदेशच ठेवला नाही, मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनाचं एक पुस्तक, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचलं. आठ जणांनी पाळीपाळीने वाचलं, दोन तासांच्या आत होतं. वाचणारे आदल्या आठवड्यात घरी तयारी करून आले पाहिजेत, नाहीतर अडखळत वाचतात आणि ऐकणाऱ्याचा जीव जातो. आमच्या बऱ्याच मावशांना वाचता येत नाही, त्यांनी तुकड्या-तुकड्यांत ऐकलेलं पहिल्यांदा सलग ऐकलं, आणि एक मावशी बाहेर चपला घालता घालता म्हणाल्या, अगं बाई, शिष्य तर आपल्यासारखेच मठ्ठ होते की. वीस वर्षांत माझ्या उपदेशातून त्यांना हे कळलं नव्हतं.

तेलुगू कुटुंबांसाठी अधूनमधून दोन अध्याय तेलुगूत वाचतो, बाकीच्यांनी मराठी बायबल उघडून बघायचं. पोरं कुरकुर करतात, चालायचंच.

यादी, करारनामा आणि बाप्तिस्मा

आमच्या रजिस्टरमध्ये १९० नावं होती. एका संध्याकाळी आम्ही चार जण एकेक नाव घेऊन बसलो. अकरा जण वारलेले, तीसेक गाव सोडून गेलेले, एक दुबईला, आणि पंचवीस नावं अशी की चौघांपैकी कोणालाच चेहरा आठवेना. बाप्तिस्त मंडळीत मेंबर म्हणजे नुसता येणारा माणूस नाही, निर्णयात हात वर करणारा माणूस, मग हे पंचवीस भुतं कोण? आम्ही कोणाला काढून टाकलं नाही. नावं वाटून घेतली, प्रत्येकाच्या घरी माणूस गेला, आणि पहिलं वाक्य ठरवून दिलं होतं, की आम्ही तुम्हाला विचारायला आलो नाही तुम्ही का येत नाही, आम्ही सांगायला आलोय की आम्हीच इतके दिवस आलो नाही. काही ठिकाणी दार लावून घेतलं. काही ठिकाणी जेवूनच उठावं लागलं.

बाप्तिस्त मंडळ्यांमध्ये करारनामा म्हणून एक प्रकार असतो, मेंबर झाल्यावर आपण एकमेकांशी कसं वागू त्याचं सगळ्यांनी मिळून दिलेलं वचन. आमच्याकडे तो फ्रेम करून ड्रमसेटच्या मागे टेकवून ठेवलेला सापडला, काचेला तडा. आता दर महिन्याला प्रभुभोजनाच्या आधी सगळे उभं राहून मोठ्याने वाचतो. पहिल्या दोन महिन्यांत लोक नुसते ओठ हलवत होते. तिसऱ्या महिन्यात एक जण वाचता वाचता मध्येच थांबला आणि खाली बसला, प्याला घेतला नाही, संध्याकाळी माझ्या घरी आला. का, ते सांगणार नाही.

बाप्तिस्म्याची घाई करू नका. आमच्यातले एक तेलुगू आजोबा सांगतात की त्यांच्या खापरपणजोबांचा बाप्तिस्मा आंध्रातल्या ओंगोलच्या नदीत झाला. ती गोष्ट सगळ्या पाळकांनी वाचावी. तेलुगू भागातलं बाप्तिस्त मिशनचं काम इतकं थोडं होतं की १८५३ मध्ये अमेरिकेत ते बंद करायची चर्चा चालली होती. १ जानेवारी १८५४ ला पहाटे नेल्लोरचे मिशनरी लायमन जुएट, त्यांची बायको आणि तीन तेलुगू विश्वासणारे असे पाच जण ओंगोलच्या टेकडीवर प्रार्थनेला गेले, आणि जॉन क्लाऊ मिशनरी म्हणून तिथे राहायला आले ते १८६६ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ. क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका तुकड्याचं काम घेऊन हजारो लोकांना मजुरी दिली, लोक बाप्तिस्मा मागत होते, आणि हा माणूस वर्षाच्या वर एकालाही बाप्तिस्मा देईना, कारण मजुरीसाठी, धान्यासाठी कोणी येतंय असं व्हायला नको. मदतीचं काम संपल्यावर, ३ जुलै १८७८ ला, एका दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला, सहा सेवक, एका वेळी दोघंच पाण्यात. लोक २,२२२ हा आकडा सांगतात. मला त्याआधीचं वर्ष जास्त मोठं वाटतं, जेव्हा आकडा शून्य होता आणि तो त्यांनी मुद्दाम शून्य ठेवला.

आम्ही आता बाप्तिस्म्याआधी निदान तीन महिने बसतो, एकाशी एक, आणि बाप्तिस्म्याचे व्हिडिओ कुठेही टाकत नाही. तो त्या माणसाचा दिवस आहे, आपली जाहिरात नाही.

रडारड झाली तर

कधीतरी होईल. आपल्या जवळचंच उदाहरण, दौंडच्या अलीकडे केडगावला पंडिता रमाबाईंचं निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं, जागृतीसाठी रोज माझ्यासोबत प्रार्थनेला कोण बसेल, सत्तर जणी उठल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा बसायच्या. जूनच्या शेवटी जे झालं त्यात रडणं, पापकबुली, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना, सगळं होतं. रमाबाई काही बाप्तिस्त नव्हत्या, आणि आमच्यातल्या काही जुन्या लोकांना असला गोंगाट आवडत नाही, मलाही फारसा झेपत नाही. पण त्याच मुली पुढे टोळ्या करून गावोगाव गेल्या, हे पण बघा.

तर दाबू नका आणि पेटवू पण नका. कीबोर्डवाल्याला सांगून ठेवा की कोणी रडायला लागलं तर मागे हळूवार म्युझिक सुरू करायचं नाही. कोणी मोबाईल काढला तर खिशात ठेवायला लावा. रडणाऱ्या बाईजवळ बाईनेच जाऊन बसायचं. आणि पापाची कबुली ज्याच्याविरुद्ध पाप केलं त्याच्यापुढे, सगळ्या सभेपुढे प्रत्येक गोष्ट उकरायची गरज नाही, त्याने तिसऱ्याच माणसाची अब्रू जाते. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी कोण जाणार हे आधीच ठरलेलं असू द्या.

आमच्याकडे आता काय आहे? रविवारची संख्या थोडी वाढलीय, फार नाही. बुधवारी वीस-बावीस जण असतात, सकाळच्या तासाला सात. सभेसाठी मांडव आम्ही परत घातलेला नाही, पुढच्या वर्षी बघू, कमिटीत दोन मतं आहेत आणि एक मत माझंच आहे. त्या आजी जावेच्या पुढच्या-मागच्या नाही, शेजारच्या खुर्चीवर बसतात, अधूनमधून भांडतात पण.

किल्लीचं मात्र विसरू नका. एक पाळकाकडे, एक दुसऱ्या कोणाकडे तरी. आमची दुसरी वॉचमनकडे असते.